तीन दिवसांत कायरोप्रॅक्टर : हॉटेलातल्या वर्कशॉपांचं करायचं काय?

कारेलीबागकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यातली फिजिओथेरपिस्ट. कारेलीबागेत छोटंसं क्लिनिक आहे. नवरात्र सरली की गरबावाल्यांचे गुडघे-घोटे, दिवाळीच्या साफसफाईनंतर कंबरा, लग्नसराईत उंच टाचांच्या पोटऱ्या, असं आमचं पंचांग ठरलेलं असतं.

हल्ली मात्र पेशंट तक्रार सांगायच्या आधी मोबाईल पुढे करतात. व्हिडिओत माणूस पालथा पडलेला, मानेजवळ माइक लावलेला, कडाड् असा आवाज, आणि मग तो माणूस गहिवरून हसतोय. "बेन, मने पण आवा टचाका फोडी आपो ने!" मी म्हणते, आधी तपासू तर द्या. तपासून, समजावून, चार व्यायाम शिकवले की चेहरा पडतो. पुढच्या वेळी येतच नाहीत. नंतर कळतं की दुसरीकडे जाऊन मान मोडून घेतली.

आता मुद्दा. आमच्या बॅचच्या ग्रुपवर एक पत्रक फिरतंय. अलकापुरीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं कायरोप्रॅक्टिक (हातांनी मणके-सांधे मोडून इलाज करण्याची पद्धत) वर्कशॉप. पहिल्या दिवशी मान, दुसऱ्या दिवशी पाठ आणि कंबर, तिसऱ्या दिवशी खांदे, गुडघे वगैरे आणि शेवटी 'प्रॅक्टिस ग्रोथ'. फी पाच आकडी. त्यात जेवण, किट बॅग, फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आणि ट्रेनरसोबत फोटो. पत्रकात लिहिलंय, 'बना सर्टिफाइड कायरोप्रॅक्टर'.

माझ्यासोबतच्या दोघी जाणार आहेत. मी जावं का? कुणी असलं काही केलंय का? आणि खरे कायरोप्रॅक्टर शिकतात तरी कसे, हे कुणी नीट सांगेल का?

चकलीचा सोऱ्या

दोन वर्षांपूर्वी हेच पत्रक 'कपिंग' या नावाने फिरत होतं. त्याआधी 'ड्राय नीडलिंग'. हॉटेल तेच असावं. (हलकेच घ्या.)

बोर्नमथ व्हाया दांडियाबाजार

ताई, धागा माझ्यासाठीच काढलात असं समजून लिहितो. मूळचा दांडियाबाजारचा. इंग्लंडात बोर्नमथला कायरोप्रॅक्टिक शिकलो आणि इकडेच प्रॅक्टिस करतो. तिथलं कॉलेज १९६५ साली सुरू झालं, युरोपातलं हे या विषयातलं जुनं ठिकाण.

आधी तासांचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकच्या मूलभूत शिक्षणाबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास धरलेत, आणि त्यातले किमान १,००० तास शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघण्याचे. आधीच डॉक्टर किंवा तुमच्यासारखे आरोग्य व्यावसायिक असाल तर सूट आहे. ती सूट धरूनही २,२०० तास. तुमचं वर्कशॉप रोज आठ तास, मधला चहा आणि फोटो न वगळता, २४ तास होतं.

आता गंमत बघा. हेच २४ तास आमच्याकडेही असतात. कॅलिफोर्नियात परवाना चालू ठेवायला कायरोप्रॅक्टरला दरवर्षी २४ तासांचं पुढचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. इंग्लंडात आम्हाला वर्षाला ३० तास दाखवावे लागतात. म्हणजे पदवी, परीक्षा आणि परवाना झालेल्या माणसाला हात गंजू नये म्हणून जे करावं लागतं, तेवढ्यावर तुमच्याकडे शून्यापासून कायरोप्रॅक्टर तयार होतो. सेमिनार वाईट नसतात हो, मी दरवर्षी जातो. पण तिथे खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या मागे चार-पाच वर्षं उभी असतात. तो पाया काढून वरचा मजला तेवढा आयात केलाय.

सेमिनारांचे प्रकारही सांगतो. एक असतात तंत्राचे : गोन्स्टेड पद्धत, टेबलाचा भाग खटकन खाली पडणारी थॉम्पसन पद्धत, स्प्रिंगचं छोटं उपकरण वापरणारी अ‍ॅक्टिव्हेटर, कंबर वाकवत ताणणारी कॉक्स. दुसरे निदानाचे : एक्स-रे, मज्जातंतूंची तपासणी. तिसरे कायदा आणि नीतीचे, तिथे सगळे डुलक्या काढतात. आणि चौथे पेशंट कसे टिकवावेत, पॅकेज कसं विकावं याचे. चौथ्या प्रकारात गर्दी सगळ्यात जास्त, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे.

मला आजवर सगळ्यात उपयोगी पडलेला सेमिनार एक्स-रेचा होता. शिकवणाऱ्या बाई पडद्यावर फिल्म दाखवायच्या, वय आणि दोन ओळींची तक्रार सांगायच्या, आणि प्रत्येकाने हात वर करून सांगायचं : या माणसाला हात लावाल की नाही? कारण त्यानंतर विचारायच्या. एका फिल्मवर जवळपास सगळ्यांनी 'लावू' म्हटलं. बाईंनी काठीने एका मणक्याकडे बोट दाखवलं. समोरून बघताना मणक्याला दोन डोळ्यांसारखे गोल दिसतात, त्यातला एक गायब होता. गाठीने खाल्लेला. दिवसभरात एकही थ्रस्ट (सांध्याला द्यायचा झटपट धक्का) शिकवला नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून माझी प्रॅक्टिस बदलली.

हाडाचा डॉक्टर

बोर्नमथवाल्यांचा प्रतिसाद प्रामाणिक आहे, तरी मी मूळ विद्येवरच शंका घेणार. अस्थिरोगतज्ज्ञ आहे, सवय आहे. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या चुंबकचिकित्सा करणाऱ्या गृहस्थांनी हार्वे लिलार्ड या कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकू येणं परत आलं, अशी ही जन्मकथा. पाठीच्या मणक्याचा कानाशी काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यावरून 'सगळे रोग मणका सरकल्याने होतात' असा सिद्धांत उभारला. ज्या विद्येचा पायाच असा, तिचा तीन दिवसांचा कोर्स काय आणि तीन वर्षांचा काय.

माझ्या ओपीडीत येतं ते सांगतो. पाठ दुखते म्हणून कुणाकडून तरी मोडून घेतलेली तिशीतली बाई. संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, रात्री दुखण्याने झोपमोड. कुणी विचारलंच नाही. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी. जगातल्या टीबी पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे, आणि ज्यांना टीबीचा मणका ओळखता येत नाही ते इथे मणक्यांना धक्के देतायत. त्यात स्टेरॉइडवर असलेले दमेकरी, हाडं ठिसूळ झालेल्या आज्या, संधिवातामुळे मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले पेशंट. कुणाला लघवी अडली आहे, जांघेत बधिरपणा आहे, तर त्याला एका क्षणाचाही उशीर न करता शस्त्रक्रियेकडे पाठवायचं असतं. हे पत्रकात कुठे आहे?

बोर्नमथ व्हाया दांडियाबाजार

डॉक्टरसाहेब, जन्मकथेबद्दल भांडत नाही. आमच्या कॉलेजातही ती इतिहास म्हणूनच शिकवतात. 'सब्लक्सेशन', म्हणजे मणका सरकणं, हेच सर्व रोगांचं मूळ मानणारे कायरोप्रॅक्टर आजही आहेत आणि त्यांचे सेमिनारही भरतात. तिथे मी जात नाही.

पण सगळंच मोडीत काढू नका. अमेरिकेत तुमच्या डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांवर बहिष्कार घातला होता. त्याविरुद्ध १९७६ साली विल्क आणि इतर कायरोप्रॅक्टरांनी खटला भरला, आणि १९८७ साली न्यायाधीशांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला. तो निकाल अपिलातही टिकला. तेव्हा विद्या खरी ठरली असं नव्हे, पण दोन्ही बाजूंना एकमेकांचं वाचणं भाग पडलं. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने नव्या कंबरदुखीसाठी औषधाआधी करून बघायच्या उपायांत शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर यांच्यासोबत मॅनिप्युलेशनही (हातांनी मणक्यांना धक्का देणं) ठेवलं, पुरावा फार भक्कम नाही असं सांगूनच. इंग्लंडात उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेचं २०१६ पासून म्हणणं असं की, हातांची चिकित्सा करायची तर व्यायामाच्या जोडीने, एकटी नको. म्हणजे कारेलीबागकर ताई जे चार व्यायाम शिकवतात ते यातलं अर्ध्याहून अधिक काम आहे.

दंडबैठक

मला या इंग्रजी पद्धतींतलं काही कळत नाही, पण वडोदऱ्यात हाडं बसवणं हॉटेलात सुरू झालेलं नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आमच्या गावचं. तिथे राजरत्न प्रो. माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात स्वामी कुवलयानंद तयार झाले. पुढे १९२४ साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम काढलं आणि योगावर प्रयोगशाळेत काम केलं. म्हणजे आखाड्यातून विज्ञानाकडे जाणारी वाट याच गावातून गेली आहे.

मी लहानपणी ज्या आखाड्यात जायचो तिथले वस्ताद लचक काढायचे, खांदा बसवायचे. पोरांना पहिली दोन वर्षं मालिशच. तीही मोठ्या पहिलवानांची. हाताला अंग कळलं पाहिजे, असं म्हणायचे. मान धरायला तर त्यांनी आमच्यातल्या एकाच मुलाला परवानगी दिली, आणि तोही तेव्हा चांगला मिशा फुटलेला होता. घरी आजीचं वेगळंच. उसण भरली की गल्लीतल्या पायाळू माणसाला बोलवायचं आणि त्याने कंबरेला हलकी लाथ मारायची. एक पायाळू काका मांडवीजवळ राहायचे, सकाळी सकाळी त्यांच्या दारात रांग.

हाडाचा डॉक्टर

काका, आखाड्याला नमस्कार. पण मी असंही मूल पाहिलंय, ज्याच्या कोपराजवळ हाड मोडलेलं आणि कुणीतरी बांबूच्या पट्ट्या इतक्या आवळल्या की बोटं काळी पडली. हात वाचला, पंजा आखडला तो आखडलाच. गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं घालवूनही रक्तवाहिनी कुठून जाते हे शिकवलं नसेल तर उपयोग नाही.

दंडबैठक

हे मान्य. पायाळू काकांनी मात्र कुणाचं काही मोडलं नाही.

सयाजीगंज आयटी

बेसिक प्रश्न. तो कडाड् आवाज नेमका कशाचा? हाड जागेवर बसल्याचा?

वाघोडिया रोड

याचं उत्तर मी देते. मी वाघोडिया रोडवरच्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवते. आवाज हाड बसल्याचा नाही. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब घसरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या मंडळींनी २०१५ साली बोटं ओढताना एमआरआयमध्ये हे चालू स्थितीत टिपलं. म्हणूनच एकदा आवाज आला की तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. आणि आवाज आला म्हणजे इलाज झाला असंही नाही, न वाजताही आराम पडतो.

बोटं मोडल्याने संधिवात होतो असं आई सांगायची म्हणून अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड उंगर साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडत राहिले. दोन्ही हात सारखेच राहिले. २००९ साली त्यांना इग्नोबेल मिळालं.

आता मूळ प्रश्नाकडे. ताई, थ्रस्ट हा आपल्या अभ्यासक्रमाबाहेरचा नाही. मेटलंड या फिजिओथेरपिस्टने घालून दिलेल्या पायऱ्या आठवा : पहिल्या चार पायऱ्यांत सांधा लयीत हलवायचा, कधी लहान, कधी मोठ्या हालचालीने, आणि पाचवी म्हणजे अगदी टोकाला जाऊन दिलेला छोटा, वेगवान धक्का. त्या पाचव्या पायरीला 'कायरोप्रॅक्टिक' असं नवं वेष्टन घातलं की फी तिप्पट होते, इतकंच.

शिकवायला वेळ का लागतो ते सांगते. धक्का दीडशे मिलिसेकंदांच्या आत संपतो. डोळा मिटून उघडायच्या आत. त्या वेळात विचार करून हात आवरता येत नाही, जे व्हायचं ते हाताच्या सवयीने होतं. मोजमापांत मानेला साधारण १०० न्यूटन आणि पाठीला ४०० च्या आसपास जोर आढळलाय. नवशिक्या पोरांचा जोर एकदा इतका, एकदा तितका. टोरंटोच्या कायरोप्रॅक्टिक कॉलेजात जोर मोजणारं टेबलच आहे, विद्यार्थ्याने धक्का दिला की पडद्यावर आलेख उमटतो. आमच्याकडे ते कुठून येणार? मी घरगुती वजनकाटा आणते. पलंगावर काटा, काट्यावर उशी, आणि पोरांनी डोळे मिटून ठरावीक आकड्यापर्यंत दाबायचं. पहिल्या आठवड्यात कुणी दहा किलो म्हणून पंचवीस दाबतं. महिन्याभराने हात जुळायला लागतात. एक मुलगा होता, जिममध्ये जाणारा, त्याला दहावर थांबताच येत नव्हतं. त्याला मी सेमिस्टरभर मानेला हात लावू दिला नाही. चिडला होता, आता त्याच्यासारखा हळुवार हात वर्गात दुसऱ्या कुणाचा नाही.

तीन दिवसांत वजनकाट्याचा सरावही पुरा होत नाही.

फतेहगंज फिजिओ

सगळे ज्ञानी बोलून झाले असतील तर एका दुकानदाराचं ऐका. मी असा कोर्स केलाय. इथला नाही, अहमदाबादचा. हात कसे ठेवायचे, स्वतःचं वजन कसं वापरायचं, पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, हे कॉलेजात मला कुणी इतकं हाताला धरून दाखवलं नव्हतं. आमच्या कॉलेजात मेटलंड म्हणजे पाच मार्कांची टीप होती. वाघोडिया रोड मॅडम, तुमच्यासारखे शिक्षक सगळीकडे नसतात.

आणि धंद्याचं बोलू. कोर्सनंतर माझे पेशंट वाढले. बोर्डावर 'कायरोप्रॅक्टिक केअर' लिहिल्यावर आणखी वाढले. भाडं, हप्ते, रिसेप्शनिस्टचा पगार हे जागतिक आरोग्य संघटना देत नाही. मी मानेला फार सांभाळून करतो, साठीच्या वरच्यांना करतच नाही. आजवर काही झालेलं नाही.

बोर्नमथ व्हाया दांडियाबाजार

'आजवर काही झालेलं नाही' हे वाक्य माझ्या एका सरांना ऐकवलं असतं तर त्यांनी वर्गाबाहेर काढलं असतं. मानेच्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटणं आणि त्यातून मेंदूचा झटका येणं ही घटना दुर्मिळच आहे. म्हणूनच स्वतःच्या अनुभवावरून तिचा अंदाज येत नाही.

आणि वय साठ हा चुकीचा चाळणीचा नियम आहे. हे अस्तर फाटण्याचं दुखणं तरुण आणि मध्यमवयीन माणसांतही होतं. ओंटारियोतला २००८ सालचा कॅसिडी आणि मंडळींचा अभ्यास वाचा. नऊ वर्षांतले अशा झटक्याचे ८१८ पेशंट तपासले. झटक्याआधी कायरोप्रॅक्टरकडे गेलेले होते तसेच साध्या डॉक्टरकडे गेलेलेही होते. लेखकांचं म्हणणं असं की, पुष्कळांची वाहिनी आधीच फाटायला लागलेली असते आणि त्या मानदुखीसाठीच ते येतात. म्हणजे बघा, पेशंट तुमच्या दारात 'मान अवघडली' म्हणून येतो आणि त्याच्या मानेत आधीच हा प्रकार सुरू असू शकतो. त्या माणसाला तुम्ही ओळखणार कसे? 'अशी मान किंवा असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं' असं तो म्हणतोय का, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, अचानक कोसळणं, चेहऱ्याला बधिरपणा, हे विचारलं का? रक्तदाब मोजला का? तुमच्या अहमदाबादच्या तीन दिवसांत यावर किती वेळ गेला?

फतेहगंज फिजिओ

एक स्लाइड होती.

मकरपुरा शिफ्ट

पेशंटच्या बाजूने लिहू का? जीआयडीसीत कामाला आहे. मान धरली म्हणून एका ठिकाणी गेलो (नाव नको). बसल्या बसल्या एक्स-रे काढायला सांगितला आणि दाखवला की मानेची कमान सरळ झालीये, आत्ताच सुधारलं नाही तर चाळिशीत अवघड होईल. २४ सिटिंगचं पॅकेज, आगाऊ भरलं तर सूट. बायकोला पण दाखवून घ्या म्हणाले, फॅमिली पॅकेज आहे. पहिल्या दोन वेळेस छान वाटलं, मग तसंच. आठवडाभरात मान बरी झाली, पॅकेज अजून चालू आहे. पैसे परत मागितले तर म्हणे मेंटेनन्ससाठी वापरा.

वाघोडिया रोड

मान अवघडलेली असताना स्नायू आखडतात आणि कमान तात्पुरती सरळ दिसते. काही तक्रार नसलेल्या लोकांतही ती सरळ सापडते. त्या फिल्मवरून चाळिशीचं भविष्य सांगता येत नाही.

चकलीचा सोऱ्या

हे पॅकेज शिकवतात तोच तो तिसऱ्या दिवसाचा 'प्रॅक्टिस ग्रोथ'.

हरणी रोडची वकील

कायद्याचं थोडं. इंग्लंडात १९९४ च्या कायद्याने, नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा आहे. अमेरिकेत राज्याराज्यांचे परवाने आहेत, १९१३ साली कॅन्ससने सुरुवात केली आणि १९७४ साली लुइझियाना शेवटचं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी कुठलीही वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपीसाठी मात्र गुजरातचा २०११ चा परिषद कायदा आहे आणि वर केंद्राचा २०२१ चा. म्हणजे फतेहगंजवाले, तुमची नोंदणी फिजिओ म्हणून आणि बोर्ड दुसऱ्याच नावाचा. उद्या पेशंट ग्राहक आयोगात गेला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालानंतर वैद्यकीय सेवेला तिथे जाता येतं, तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की हे शिक्षण कुठल्या मान्यतेचं? तुमच्या इंडेम्निटी पॉलिसीत (पेशंटने भरपाई मागितली तर कामी येणारा विमा) कुठला व्यवसाय लिहिलाय तो आजच काढून वाचा. कंपनीला लेखी विचारा, एजंटला तोंडी नको.

फतेहगंज फिजिओ

पॉलिसी काढली. 'फिजिओथेरपिस्ट' लिहिलंय. बोर्डाचं बघतो.

कारेलीबागकर

सगळ्यांना धन्यवाद, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल दुपारी पत्रकावरच्या नंबरवर फोन लावला. तुमच्या प्रतिसादांवरून कागदावर प्रश्न उतरवून घेतले होते. संवाद जसाच्या तसा देते.

किती जण असणार? "साठेक. पण काळजी नको मॅडम, मोठा स्क्रीन आहे."
शिकवणारे किती? "सर एक, आणि दोन असिस्टंट."
कुणाला करू नये यावर किती वेळ? "ते नोट्समध्ये आहे, पीडीएफ मिळेल."
मान पहिल्याच दिवशी का? "त्याचेच रील चालतात ना मॅडम. लोक पहिल्या दिवसापासून शूट करतात."
सराव कुणावर? "एकमेकांवर."
त्याआधी एकमेकांची तपासणी? यावर जरा थांबले आणि म्हणाले, "सगळे तरुणच असतात."
परीक्षा? "परीक्षा कसली, सर्टिफिकेट सगळ्यांना मिळतंच."
नंतर काही अडलं तर? "व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे लाइफटाइम."

माणूस अगदी गोड बोलत होता, लबाड वाटला नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं की मी हे का विचारतेय. साठ जण, बहुतेक पहिल्यांदाच, एका दुपारी एकमेकांच्या माना फिरवणार आणि बाजूला मोबाईल लावलेले. मी जाणार नाही हे तर ठरलंच, पण त्या दोघींनाही हा संवाद पाठवला. एकीने फी भरली होती, ती म्हणते परत मिळत नाही म्हणून जाते, पण मान कुणाला देणार नाही.

पण फतेहगंज फिजिओंचं म्हणणं मला सोडवत नाही. कॉलेजात हाताला धरून शिकवलं असतं तर या हॉटेलांत कोण गेलं असतं? चांगला पर्याय नाही म्हणून वाईट चालतोय. बोर्नमथ दादा, वाघोडिया रोड मॅडम, इथे काही करता येईल का?

बोर्नमथ व्हाया दांडियाबाजार

डिसेंबरात आईकडे येतोय. एक रविवार देतो, फुकट. अटी माझ्या : बारा जणांहून जास्त नको, सर्टिफिकेट नको, चित्रीकरण नको. मानेचा थ्रस्ट मी शिकवणार नाही. सकाळभर पेशंटची विचारपूस आणि 'हात लावायचा की नाही' हा खेळ, मी फिल्म घेऊन येतो. दुपारी फक्त कंबर आणि पाठ, मेटलंडच्या चौथ्या पायरीपर्यंत.

हाडाचा डॉक्टर

विद्येवर माझा विश्वास बसलाय असं समजू नका. पण फिल्म तुमच्या इंग्लंडच्या असतील, त्यात टीबी कुठून असणार? माझ्याकडच्या घ्या, नावं झाकून देतो. आणि सकाळच्या सत्राला मी बसणार. चूक बोललात तर तिथेच टोकेन.

वाघोडिया रोड

वजनकाटे माझ्याकडून. कॉलेजचा हॉल मागून बघते, रविवारी बहुधा मिळेल. एका रविवारात कुणाचा हात तयार होणार नाही, त्यामुळे पुढे महिन्यातून एकदा सरावाला जमायचं असेल तरच नाव द्या. येऊन फोटो काढून जाणारे नकोत.

चकलीचा सोऱ्या

सकाळी सेव उसळ असेल तर मी पेशंट म्हणून यायला तयार आहे. कंबर खरंच दुखते.

दंडबैठक

पेशंट म्हणून मीही येईन. वय ७१, दमा आहे, गोळ्या चालू. बघू कोण काय विचारतं ते.

फतेहगंज फिजिओ

मान शिकवणार नसाल तर अर्धे लोक येणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

कारेलीबागकर

बारांचीच जागा आहे. तुमचं नाव लिहू का?

फतेहगंज फिजिओ

लिहा. रविवार सकाळचे माझे पाच पेशंट असतात, त्यांना शनिवारी बोलावतो. हॉलमध्ये पलंग असतील की फोल्डिंग घेऊन येऊ?